बाटलीवरची 'विधवा' : व्हव्ह क्लिकोचा इतिहास आणि त्यांची शॅम्पेन

मेणवलीकरीण
गेल्या ऑक्टोबरात फ्रान्समधल्या शॅम्पेन मुलखात, रँसला जाऊन आले. आम्ही लक्झेंबर्गला राहतो, तिथून गाडीनं अडीच तास. व्हव्ह क्लिको या शॅम्पेनच्या जुन्या पेढीची तळघरं पाहिली. तळघर म्हणायचं, पण मुळात त्या खडूच्या खाणी. वर तोंड अरुंद आणि खाली खाली रुंद होत गेलेल्या, दगड काढून काढून आत पोकळ झालेल्या. बाहेर स्वेटर काढावा असं ऊन होतं आणि आत दहा-बारा अंशांवर अंग शहारलं. भिंतीला बोट लावलं तर आधी ओल लागली, मग बोट पांढरं झालं. वर येताना पायऱ्यांवर जुन्या व्हिंटेजची, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांच्या वाईनची, सालं कोरलेली दिसली. एकेक साल वाचत वर चढले.

तिथून एक बाटली घेतली आणि दिवाळीत वाईला घेऊन गेले. आजीनं बाटली हातात घेऊन विचारलं, "यावर काय लिहिलंय गं?" मी म्हटलं, "व्हव्ह क्लिको पाँसार्दँ. म्हणजे विधवा क्लिको." आजी गप्प झाली. जरा वेळानं म्हणाली, "मुलं किती होती तिला?"

माझी आजी एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाली. त्यानंतर चाळीस वर्षं तिनं पिठाची गिरणी चालवली. गिरणीवर पाटी शेवटपर्यंत आजोबांच्या नावाची होती. म्हणून हा विषय डोक्यातून जात नाहीये. जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या बाईंचं नेमकं कर्तृत्व किती आणि दंतकथा किती? आणि आज जी बाटली मिळते तिच्या चवीत त्यांचं काही उरलंय का, की नुसतं नाव?

खवय्या_कोथरूड
वा! जागा पकडून ठेवतो. पहिला प्रश्न सोपा : उच्चार नक्की काय? मी आजवर दुकानात 'ती पिवळी द्या' एवढंच म्हणत आलोय.

शब्दवेल्हाळ
'व्हव्ह' जवळपास बरोबर आहे. मधला स्वर मराठीत नाही. 'ए' म्हणायला जीभ ठेवायची आणि ओठ 'ओ'चे करायचे. आणि गावाचं नाव रीम्स नाही, रँस.

पण उच्चारापेक्षा मोठी गंमत पुढे आहे. फ्रेंच 'व्हव्ह' आला लॅटिन 'विदुआ'वरून. हा 'विदुआ' आणि आपला संस्कृत 'विधवा' एकाच मुळातून निघालेले सख्खे शब्द आहेत, इंग्रजी 'विडो'सुद्धा त्याच घरातला. वि अधिक धव, म्हणजे जिचा नवरा नाही ती, अशी फोड आपण शाळेत शिकलो. भाषाशास्त्रज्ञ म्हणतात ती मागाहून केलेली फोड आहे, मूळ शब्द 'वेगळं होणं, एकटं पडणं' या अर्थाचा. तेव्हा मेणवलीकरीण, तुम्ही आजींना भाषांतर करून सांगितलंच नाहीत. बाटलीवर जो शब्द होता तोच सांगितलात.

मेणवलीकरीण
शब्दवेल्हाळ, अंगावर काटा आला. हे आजीला आजच फोनवर सांगते.

जुनीवही
पहिल्या प्रश्नावर जमेल तेवढं लिहितो.

बार्ब-निकोल पाँसार्दँ, जन्म १६ डिसेंबर १७७७, रँस. वडील निकोला पाँसार्दँ कापडाचे बडे व्यापारी, पुढे नेपोलियनच्या काळात शहराचे महापौर आणि बॅरन झाले. १७९८ साली तिचं लग्न फ्रांस्वा क्लिकोशी झालं. क्लिको घराणंही कापडातलंच. सासरे फिलिप यांनी १७७२ साली वाईनचा व्यापार जोडधंदा म्हणून सुरू केला होता. तो वाढवायचं वेड फ्रांस्वाला. दोघं नवराबायको मळ्यांतून हिंडायची, धंदा शिकायची. ऑक्टोबर १८०५ मध्ये तापानं फ्रांस्वा गेला. ती सत्तावीस वर्षांची, मुलगी क्लेमांतीन सहा वर्षांची. (आजींच्या प्रश्नाचं उत्तर : एकच.)

सासऱ्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं होतं. सुनेनं जाऊन सांगितलं, मी चालवते. फिलिप यांनी पैसे घातले, पण अलेक्सांद्र फूर्नो नावाच्या अनुभवी वाईनवाल्याच्या भागीदारीत चार वर्षं काम शिकायची अट घातली. ती चार वर्षं वाईट गेली. नेपोलियनची युद्धं चालू, बंदरं बंद, माल अडकलेला. १८१० मध्ये फूर्नो बाहेर पडले, ती थांबली. त्याच वर्षी पेढीचं नाव 'व्हव्ह क्लिको पाँसार्दँ' झालं.

मग १८११. आकाशात मोठा धूमकेतू आणि शॅम्पेनमध्ये नामी द्राक्षं. वाईन सुरेख झाली, पण गिऱ्हाईक कुठे आहे? सगळ्यांत मोठी बाजारपेठ रशिया, आणि तिथे फ्रेंच बाटल्यांना बंदी. १८१४ च्या सुरुवातीला रशियन फौजा खुद्द रँसमध्ये शिरल्या. एप्रिलमध्ये नेपोलियन पायउतार झाला, आणि बाईंनी बंदी अधिकृतपणे उठायची वाटच पाहिली नाही. लुई बोन हा त्यांचा फिरता विक्रेता, त्याच्याशी गुपचूप ठरवून एक डच जहाज भाड्यानं घेतलं. जूनमध्ये १०,५५० बाटल्या रुआँहून कोनिग्सबर्गला, म्हणजे आजच्या कालिनिनग्राडला निघाल्या. इतर कंपन्यांना पत्ता लागेपर्यंत माल विकला गेला होता. माल बुडाला असता किंवा जप्त झाला असता तर पेढी संपलीच होती.

माझ्या मते त्यांचं खरं कर्तृत्व हे आहे. बाटल्यांच्या टेबलाचं पुढे कुणीतरी लिहीलच.

रोखठोक_नाना
टेबलाचं मीच लिहितो. १८१६ साली बाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलाला भोकं पाडली, बाटल्या उलट्या ठेवल्या आणि शॅम्पेन स्वच्छ करायची युक्ती जगाला दिली, ही ती गोष्ट. प्रत्येक सहलीत सांगतात. पण तळघराची जबाबदारी होती अँत्वान म्यूलर या कारागिराकडे. बाटलीशी रोज झटणारा तो. कल्पना मालकिणीची, हात कारागिराचा, की दोन्ही त्याचंच? कंपनीला बाईंचीच गोष्ट सोयीची, कारण नाव बाईंचं आहे. बाईंचा अनादर नाही करत मी. पण कारागिराचं नाव पुसून मालकाची आरती करायची, हे मला पटत नाही.

दिंडोरीकर
नाना, मुद्दा बरोबर आहे. पण ही युक्ती म्हणजे काय ते आधी नीट मांडू द्या. मी अकरा वर्षं दिंडोरी भागात वायनरीत कामाला आहे आणि बाटल्या हातानं फिरवल्या आहेत.

शॅम्पेन पद्धतीत वाईन दोनदा आंबते. पहिल्यांदा टाकीत किंवा पिंपात. मग त्या वाईनमध्ये साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करायची, आणि बाटलीतच पुन्हा आंबवण. वायू कोंडतो, तोच पुढे फेस. यीस्ट मरतं आणि त्याचा गाळ बाटलीतच बसतो. आता हा गाळ काढायचा कसा, वायू न घालवता? पूर्वी वाईन एका बाटलीतून दुसरीत ओतायचे. फेस निम्मा गेलाच.

उपाय असा : बाटली तोंड खाली करून तिरपी ठेवायची, रोज थोडी हलवून थोडी वळवायची आणि हळूहळू उभी करत न्यायची. गाळ काचेवरून घसरत बुचापाशी जमतो. मग बूच काढलं की आतल्या दाबानं गाळ बाहेर उडतो, वाईन स्वच्छ. सुरुवातीला सपाट टेबल होतं, पुढे दोन फळ्या टेकवून केलेल्या तिरप्या घडवंच्या आल्या. एका घडवंचीला दोन्ही बाजू मिळून १२० भोकं.

आम्हाला शिकवलं ते असं : दोन हातांत दोन बाटल्या, मनगटाचा एक झटका, आठवा हिस्सा वळण, सोड. बाटलीच्या बुडाला चुन्याची एक पांढरी रेघ मारलेली असते, ती घड्याळाच्या काट्यासारखी पाहायची, म्हणजे कुठपर्यंत फिरली ते कळतं. पहिल्या आठवड्यात मनगटं सुजली. आणि झटका जोरात बसला तर बारीक गाळ वर उठतो, त्या बाटलीची पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात. हातानं सहा ते आठ आठवडे लागतात. आता पिंजऱ्यासारखं यंत्र असतं, शेकडो बाटल्या एकदम फिरवतं, आठवड्यात काम होतं.

हे ज्यानं पहिल्यांदा केलं त्यानं महिनोन्महिने रोज बाटल्यांकडे पाहिलं असणार. मालकिणीनं कारागिराला एवढा वेळ दिला, बाटल्या नासल्या तरी नासू दिल्या, ही गोष्टही लहान नाही.

रोखठोक_नाना
दिंडोरीकर, शेवटचं वाक्य पटलं. दोघांचं नाव घ्या, माझी तक्रार नाही.

खवय्या_कोथरूड
आठवा हिस्सा वळण, दोन हात... यापुढे त्या बाटलीच्या किमतीबद्दल कुरकुर करणार नाही.

कायद्याचं_बोला
एक महत्त्वाची गोष्ट राहतेय. 'विधवा' हा शब्द पाटीवर का आला? दुःख मिरवायला नव्हे. १८०४ सालच्या नेपोलियनच्या नागरी संहितेनुसार लग्न झालेली बाई नवऱ्याच्या संमतीशिवाय करार करू शकत नव्हती, कोर्टात उभी राहू शकत नव्हती. लग्नाआधी वडिलांचा अंमल, नंतर नवऱ्याचा. विधवा मात्र स्वतःच्या सहीनं व्यवहार करू शकत होती. म्हणजे 'व्हव्ह' हा शब्द समोरच्या व्यापाऱ्याला सांगत होता की या सहीवर विश्वास ठेवा, हिच्या वतीनं बोलणारा दुसरा कुणी नाही. बाईंनी पुन्हा लग्न केलं नाही. केलं असतं तर ती सही गेली असती.

शॅम्पेनमध्ये अशा बायकांची रांगच आहे. लुईझ पोम्री १८५८ साली विधवा झाल्या. गोडमिट्ट शॅम्पेनचे दिवस असताना १८७४ सालची वाईन त्यांनी जवळजवळ कोरडी, म्हणजे बिनगोडीची काढली. लिली बोलँजे यांचे पती १९४१ मध्ये गेले. जर्मन फौजा गावात असताना त्यांनी पेढी हाती घेतली आणि पेट्रोल नव्हतं म्हणून सायकलवरून मळे पाहिले.

अबोली_सांगली
आमच्या शेजारच्या काकूंचा मंगल कार्यालयाचा व्यवसाय आहे. सही त्यांची, पैसे त्यांचे, पण पत्रिकेवर 'कै. अमुक यांच्या प्रेरणेने'. 'व्हव्ह' लिहिण्याची हिंमत वाचून त्याच आठवल्या.

पाणबुड्या
चवीच्या प्रश्नाला समुद्राच्या तळाशी उत्तर आहे! २०१० च्या जुलैमध्ये फिनलंडच्या ऑलंड बेटांजवळ, सुमारे पन्नास मीटर खोल, एका बुडालेल्या गलबतात पाणबुड्यांना शॅम्पेनच्या १६८ बाटल्या सापडल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या. लेबलं कधीच गळून गेलेली, पण बुचांच्या आतल्या बाजूच्या खुणांवरून ओळख पटली. काही ज्युग्लार आणि हाइडसिक या दुसऱ्या पेढ्यांच्या आणि काही थेट व्हव्ह क्लिको, म्हणजे बाई हयात असतानाच्या.

रँस विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांचं रासायनिक पृथक्करण केलं, २०१५ साली प्रसिद्ध झालं. साखर लिटरला सुमारे १५० ग्रॅम निघाली. आजच्या ब्रूतमध्ये, म्हणजे कोरड्या शॅम्पेनमध्ये, कायद्यानं १२ ग्रॅमच्या आत लागते. लोखंडाचं प्रमाण जास्त होतं, लाकडाचे अंशही सापडले, म्हणजे वाईन पिंपात मुरलेली. ग्लासात ओतल्यावर आधी ओल्या केसांसारखा, जनावराचा वास. जरा हलवून हवा लागू दिली की मसाल्याचा, धुराचा, चामड्याचा. पावणेदोनशे वर्षं काळोखात, थंड पाण्यात राहून वाईन जिवंत होती. २०११ मध्ये ऑलंडवरच त्यातली क्लिकोची एक बाटली ३०,००० युरोला विकली गेली.

खवय्या_कोथरूड
लिटरला १५० ग्रॅम? हा तर गुलाबजामचा पाक.

पाणबुड्या
आणि तीसुद्धा कमीच! रशियासाठी जाणारी त्याहून गोड, ३०० ग्रॅमपर्यंत. त्यावरूनच या बाटल्या रशियाला नव्हे, जर्मन मुलखाकडे निघाल्या असाव्यात असा संशोधकांचा कयास आहे. ज्या देशाचं जे तोंड तशी साखर. हे गिऱ्हाइकाचं तोंड ओळखणं बाईंच्या पत्रव्यवहारातही दिसतं.

उसाचा_फड
रशियात ३०० ग्रॅम म्हटल्यावर आमच्या कोल्हापूरला किती पाठवली असती?

दिंडोरीकर
साखरेवरून आठवलं. दुसऱ्या आंबवणीसाठी लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर घालतात. चार ग्रॅमला एक वातावरण असा हिशेब, म्हणजे सहा वातावरणं दाब. ट्रकच्या चाकाच्या आसपास. एकदा मी जिथे काम करत होतो तिथे मूळ वाईनमध्ये थोडी साखर शिल्लक होती आणि ती हिशेबात धरली गेली नाही. मार्च महिना, शीतगृह अर्धा दिवस बंद पडलेलं. रात्रपाळीला मी होतो. आधी एक 'फट्', मग पाच मिनिटांनी दुसरा, मग शेजारच्या रचलेल्या बाटल्या एकीला एक लागून. सकाळी फरशीवर काच आणि फेस, वर्षाचं काम गटारात वाहताना पाहिलं. क्लिकोबाईंच्या काळात तर साखर मोजायचं शास्त्रच नव्हतं. ते १८३० च्या दशकात शालाँच्या फ्रांस्वा नावाच्या औषधविक्यानं बसवलं. तोवर दरवर्षी ढिगानं बाटल्या फुटायच्या, कामगार तोंडाला लोखंडी जाळी बांधून तळघरात उतरायचे. त्या जोखमीवर हा धंदा केलाय त्यांनी.

मेणवलीकरीण
दिंडोरीकर, तो मुखवटा मी फोटोत पाहिला होता, तलवारबाजीतला असावा असं वाटलं होतं. आज कळलं.

दुसरा प्रश्न अजून बाकी आहे हं. आजच्या चवीचं काय?

तळघर
मी बरीच वर्षं वाईन चाखण्याचे वर्ग घेतो, मी सांगतो.

या घराण्याचा कणा म्हणजे पिनो नॉआर. काळी द्राक्षं, पण रस पांढरा. हलक्या हातानं दाबायची, सालीचा रंग उतरू द्यायचा नाही. नेहमीच्या पिवळ्या लेबलात पिनो नॉआर ५० ते ५५ टक्के, शार्दने ही पांढरी द्राक्षं ३० च्या आसपास, उरलेली मनिए ही दुसरी काळी जात. पिनोमुळे अंगापिंडानं भरलेली वाईन होते. जी घराणी शार्दनेवर उभी आहेत त्यांची बाटली शेजारी ठेवून प्या, म्हणजे फरक कळेल. तिकडे लिंबाची साल, खडू, सरळ रेघ. इकडे पिकलेलं सफरचंद, पेअर, भाजलेल्या पावाचा वास, भरदारपणा.

दुसरी गोष्ट, राखीव वाईन. शॅम्पेन हा उत्तरेकडचा थंड मुलूख. एक वर्ष द्राक्ष पिकतं, पुढच्या वर्षी पिकतच नाही. म्हणून चांगल्या वर्षांची वाईन गावागावाची, सालासालाची वेगळी टाक्यांत राखून ठेवतात आणि दरवर्षी नव्या वाईनमध्ये मिसळतात. क्लिकोकडे हे प्रमाण कधी निम्म्याच्या जवळ जातं. पाच-पन्नास गावांची वाईन चाखून, मिसळून, गेल्या वर्षीसारखीच चव उभी करायची. आपल्याकडे मुरलेलं लोणचं नव्या बरणीत विरजणासारखं घालणाऱ्या बायका आहेत, त्यांना हे लगेच कळेल.

तिसरी, मॅलोलॅक्टिक रूपांतर. कच्च्या सफरचंदातलं झोंबरं आम्ल जिवाणूंकडून दह्यातल्या मऊ आम्लात बदलून घेतात. क्लिको हे करतात, म्हणून आंबटपणा टोचत नाही. शिवाय कायद्यानं साध्या शॅम्पेनला बाटलीत किमान पंधरा महिने लागतात, हे त्याहून बरंच जास्त ठेवतात. २००८ सालच्या व्हिंटेजपासून थोडी वाईन मोठ्या ओक पिंपांत आंबवायला लागले आहेत, मसाल्यासारखी चिमूटभर.

आता बाईंचं काय उरलं? गोडी नाही उरली. पण बूझी, व्हर्झी, व्हर्झने या गावांच्या पिनोचा हट्ट तोच आहे, आणि स्वच्छ बाटलीचाही. आणि रोझे! त्या काळी गुलाबी शॅम्पेन करायला एल्डरबेरीचा रंग घालायचे. १८१८ साली बाईंनी बूझीच्या मळ्यातली स्वतःची लाल वाईन पांढरीत मिसळली. फ्रान्समध्ये इतर ठिकाणी लाल-पांढरी मिसळून रोझे करणं मान्य नाही, शॅम्पेनला ती मुभा आहे. म्हणजे आजही गुलाबी बाटली उघडाल तेव्हा त्यांचीच पद्धत पिताय.

कडूगोड
तळघरकाकांशी थोडा असहमत. मी चार-पाच वेळा प्यायलोय. वाईट काहीच नाही, पण चकित करणारंही काही नाही. एवढ्या मोठ्या संख्येनं करायचं आणि दरवर्षी तीच चव आणायची म्हटलं की कोपरे घासले जाणारच. त्याच पैशात एखाद्या लहान शेतकऱ्याची, स्वतःच्या गावच्या द्राक्षांची शॅम्पेन मिळते, तिच्यात जीव जास्त असतो.

तळघर
कडूगोड, लहान शेतकऱ्यांचा मीही चाहता आहे. पण गारपिटीच्या वर्षी त्याची बाटली पडते आणि यांची पडत नाही. ते कौशल्य वेगळ्या जातीचं आहे. आणि यांची 'ला ग्राँद दाम' ('थोर बाई') ही महागडी बाटली मिळाली तर सोडू नका. १९६२ ची पहिली, घराण्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा १९७२ साली बाजारात आणली. अलीकडच्या वर्षांत नव्वद टक्क्यांपर्यंत पिनो. तिथे कोपरे शाबूत आहेत.

कडूगोड
मिळाली तर तुमच्याकडे घेऊन येतो, समोरासमोर भांडू.

नारिंगी_की_पिवळी
त्या लेबलाला 'पिवळं' का म्हणतात? मला ते कायम पिकलेल्या संत्र्याचं वाटलं आहे.

मेणवलीकरीण
तळघर दाखवणाऱ्या मुलीनं अंड्याच्या पिवळ्या बलकाचा रंग म्हणून सांगितलं! तिकडच्या कोंबड्यांचा बलक तसाच गडद असतो. १८७७ साली त्यांनी हे लेबल नोंदवलं, म्हणजे बाई गेल्यावर अकरा वर्षांनी.

घाटमाथा
थोडं अवांतर. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला ऐंशीच्या दशकात शामराव चौगुल्यांनी पीपर-हाइडसिक या शॅम्पेनच्या पेढीच्या तज्ज्ञांची मदत घेऊन फेसाळ वाईन केली होती. 'ओमर खय्याम' नावानं ती परदेशात जायची. आमचे वडील एसटीतून जाताना मळ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "इथली द्राक्षं बाटलीतून विलायतेला जातात." टोमॅटोच्या बाजाराचं गाव आणि शॅम्पेनची पद्धत, लहानपणी फार नवल वाटायचं.

दिंडोरीकर
आणि २०१३ साली शँडॉन ही फेसाळ वाईनची कंपनी आमच्या दिंडोरीत आली. तिची मालकी ज्या समूहाकडे, त्याच समूहाकडे व्हव्ह क्लिकोही आहे. म्हणजे क्लिकोबाईंची लांबची भावकी आमच्या शिवारात. फरक एवढाच की रँसला द्राक्ष पिकायची वाट पाहतात आणि आम्ही ते जास्त पिकू नये म्हणून धावतो. फेसाळ वाईनसाठी आंबटपणा हवा, साखर कमी. जानेवारीच्या पहाटे, अंधारात, डोक्याला बॅटरी लावून तोडणी करतो. ऊन वर आलं की ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, चढलाच.

जुनीवही
अवांतरात एक भर. बाईंची पणती, उझेसची डचेस, फ्रान्समध्ये मोटार चालवण्याचा परवाना मिळवणारी पहिली बाई, १८९८. आणि त्याच वर्षी वेगाबद्दल दंड भरणारीही पहिली. मर्यादा १२ किलोमीटरची, ही १५ नं चालली होती. बाईंचं ते प्रसिद्ध म्हातारपणीचं चित्र आहे ना, बूर्सोच्या गढीवर बसलेल्या, हातात पुस्तक, त्यात पायाशी बसलेली छोटी मुलगी हीच.

खवय्या_कोथरूड
ताशी पंधरा! पणजीचं जहाज आठवलं.

रोखठोक_नाना
कारागिराचा विषय मी काढला म्हणून हेही सांगतो. एदुआर्द व्हेर्ले नावाचा जर्मन मुलगा १८२१ साली नोकरीला लागला. १८२८ मध्ये बाईंची बँक बुडाली तेव्हा त्यानं स्वतःचे पैसे घालून पेढी तारली. १८३१ ला बाईंनी त्याला भागीदार केलं, आणि शेवटी पेढी मुलगी-जावयाकडे न देता त्याच्याकडे दिली. जावई उधळ्या होता. कामाच्या माणसाला ओळखून त्याच्या हाती चाव्या देणारा मालक मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. तेव्हा बाईंबद्दल माझं मत या धाग्यानं वर गेलं.

अबोली_सांगली
इतकं वाचल्यावर एक खटकतंय. बाटलीवर 'व्हव्ह' आहे, म्हणजे दर्जा. 'क्लिको' नवऱ्याचं, 'पाँसार्दँ' वडिलांचं. महागड्या बाटलीवर 'थोर बाई'. बार्ब-निकोल कुठे आहे?

कायद्याचं_बोला
अबोली, कुठेच नाही. सही 'व्हव्ह क्लिको पाँसार्दँ' अशीच करायच्या. व्यापारात तेवढीच चालायची.

शब्दवेल्हाळ
पण चेहरा आहे. बुचावर तार बांधलेली असते, तिच्याखाली पत्र्याची छोटी चकती असते. त्यावर बाईंचं चित्र आहे, जुनीवहींनी सांगितलेल्या त्या म्हातारपणच्या चित्रावरून. बहुतेक लोक तार सोडताना ती फेकून देतात.

मेणवलीकरीण
काल रात्री आजीला फोन केला. नवीन काय आलं ते ती चार दिवस रोज विचारत होती. विधवा हा शब्द तोच आहे म्हटल्यावर म्हणाली, "शब्द तोच असेल, पण तिच्या पाटीवर लागला." फुटलेल्या बाटल्यांचं ऐकून म्हणाली, "गिरणीचा पट्टा तुटून माझ्या कानाजवळून गेला होता, त्या पोराला सांग." (दिंडोरीकर, हे तुम्हाला.) व्हेर्लेचं तिला फार आवडलं. आमच्या गिरणीतला जुना माणूस होता, त्याला तिनं स्वतःच्या नावावरची खोली दिली होती, हे मला काल पहिल्यांदा कळलं.

मग अबोलीचा प्रतिसाद वाचून दाखवला. आजी म्हणाली, "मग तू पहिल्या दिवशी मला तिचं नाव का नाही सांगितलंस?" मी सांगितलं. बार्ब-निकोल. तिनं दोनदा म्हणून पाहिलं, 'बार्ब' जमेना, 'निकोल' जमलं.

दिवाळीत बाटली उघडली तेव्हा आजीनं वास घेतला होता, प्यायली नव्हती. तार आणि चकती मी टेबलावर तशीच टाकून आले होते. ती तिनं उचलून ठेवली आहे. सुई-दोरा, बटणं आणि गिरणीच्या जुन्या कुलपाची किल्ली ज्या डब्यात असते, त्या डब्यात. आईनं फोटो पाठवलाय. चकती किल्लीच्या शेजारी आहे आणि चेहरा वर करून ठेवली आहे.